अकरा ए पाहिजे

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी रात्री साडेदहाला चिखलीहून काकांचा फोन. आमचे काका या वेळेला फोन करतात म्हणजे एक तर कोणीतरी गेलेलं असतं, नाहीतर कोणाचं तरी लग्न ठरलेलं असतं. धसकतच उचलला.

"काय रे, झोपला होता का? ते विमानात अकरा ए भेटते का?"

काका-काकू पहिल्यांदाच विमानात बसणार होते. संभाजीनगर ते दिल्ली, ताईकडे. तिकिटं मी काढली होती आणि सीट निवडायचं पान आलं तेव्हा 'नंतर बघू' म्हणून पुढे सरकवलं होतं. आणि आता काका थेट सीट नंबर मागत होते. निवृत्त झेडपी मास्तर, आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेला माणूस. (रुमाल टाकणे म्हणजे आमच्याकडचं वेब चेक-इन. फरक इतकाच की त्यात कन्फर्मेशन येत नाही, भांडण येतं.)

अकरा ए कुठून आलं ते सांगायची गरज नाही. १२ जून २०२५ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ गेले, एकच प्रवासी चालत बाहेर आला. त्याची सीट ११ए होती, दरवाजाला लागून. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अकरा ए हा नंबर श्रीयंत्रासारखा फिरत होता.

मी काकांना म्हटलं, "बघतो." आणि मग शनिवारचा अख्खा दिवस याच्यावर गेला. म्हणून हा लेख.

आधी अकरा ए निकालात काढू. आमच्या हापिसच्या भाषेत सांगायचं तर नंबर हार्डकोड करू नये. अहमदाबादचं विमान बोइंग ७८७, मोठं. त्यात ११ए ही दरवाजाजवळची जागा होती. संभाजीनगरहून दिल्लीला जातं ते एअरबस ए३२०, मधे एक रस्ता आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या. बऱ्याच ए३२० मध्ये पंखावरचे आपत्कालीन दरवाजे १२ आणि १३ नंबरच्या रांगेला येतात. म्हणजे गंमत बघा, इथेही ११ए दरवाजापासून एकच रांग पुढे. पण तिची पाठ बहुतेक वेळा मागे कलत नाही, कारण कलली तर दरवाजाकडे जायची वाट अडेल. बोइंग ७३७ मध्ये आणखी मजा. पंखाच्या जरा पुढे एसीचा पाइप भिंतीतून वर जातो, त्यामुळे तिथे एखाद्या रांगेला खिडकीच नसते. युरोपातल्या रायनएअरची ११ए याच कारणाने कुप्रसिद्ध आहे. लोक खिडकीची सीट म्हणून घेतात आणि तासभर प्लास्टिकच्या भिंतीकडे बघत बसतात. आणि एटीआर असेल, ते पंख्याचं छोटं विमान, तर अकरावी रांग अशी कुठेतरी मधेच येते, ना दार ना काही.

तेव्हा नंबर नाही, आधी विमान कोणतं ते बघायचं. बुकिंग करताना ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे कोणी बघत नाही.

आता नेहमीचे वाद. पुढची सीट घ्या, लवकर उतरता येतं, हे सांगणारे मित्र माझ्याही कंपूत आहेत. मुंबईत मीटिंग आहे, पाठीवर लॅपटॉपची बॅग आहे, तर ठीक. पण आमच्यासारख्यांचं गणित वेगळं. बुलडाणा जिल्ह्यात प्रवासी विमानसेवा नाही. चिखलीहून देऊळगाव राजा, जालना करत चिकलठाण्याला पोचायला तीन-साडेतीन तास, वर 'उशीर नको' म्हणून काकांचे दोन तास आधी. एवढं करून पुढच्या रांगेसाठी जादा पैसे भरायचे, सात मिनिटं वाचवायची, आणि मग पापड-लोणच्याच्या बॅगेसाठी पट्ट्यापाशी पंचवीस मिनिटं उभं राहायचं! शिवाय जिथे शिडी लावतात तिथे बऱ्याचदा मागचं दारही उघडतं. मग शेवटच्या रांगेतला माणूस दहाव्या रांगेच्या आधी खाली. एटीआरला तर प्रवाशांचं दार मागेच, पुढे सामान. तिथे पुढची सीट पैसे देऊन घेणारा सगळ्यात शेवटी उतरतो. मी उतरलोय.

हादरे कुठे कमी लागतात, याचं उत्तर एसटीत बसलेल्या कोणालाही माहीत आहे. शेवटच्या बाकड्यावर माणूस उडतो, दोन चाकांच्या मधे बसलेला डुलकी काढतो. विमान हवेत आपल्या गुरुत्वमध्याभोवती वरखाली होतं आणि तो असतो पंखांच्या आसपास. म्हणून पंखाजवळ कमी, शेपटीकडे जास्त. ज्यांना मळमळतं त्यांनी पंखाजवळ बसावं. इंजिनाचा आवाज मात्र त्याच्या मागे जास्त, पुढे कमी. दोन्ही हवं असेल तर पंखाच्या जरा पुढे. झालं, यापलीकडे यात काही विज्ञान नाही.

खिडकी की रस्ता? पाऊण तासाच्या प्रवासात रस्त्याकडेची सीट घेण्याचं कारण एकच, बाथरूम. बाकी तिथे कोपराला खाण्याची गाडी लागते आणि वरून बॅगा काढणाऱ्यांची पोटं तोंडासमोर येतात. मी खिडकीवाला. आणि खिडकी घ्यायची तर बाजू बघून घ्यावी, एवढं तरी करावं. दिल्लीला जायचं म्हणजे उत्तरेला तोंड. सकाळी ऊन उजवीकडे, म्हणजे एफला. संध्याकाळी डावीकडे, म्हणजे एला. काकूंचं विमान संध्याकाळचं होतं. तिला सूर्यास्त बघायचा होता, म्हणून ए. इतका साधा हिशोब, पण लोक पैसे भरून उन्हाची बाजू घेतात आणि मग पडदा ओढून बसतात.

जाता जाता, मुंबई-नागपूर विमानात असाल तर नकाशावर सरळ रेषा ओढून बघा. बुलडाणा डाव्या हाताला राहतं आणि लोणारचं सरोवर उजव्या. पावणेदोन किलोमीटरचं गोल विवर, स्वच्छ दिवशी वरून दिसायला हवं. मी दोनदा एफ घेऊन नाक काचेला लावून बसलोय. एकदा ढग होते. दुसऱ्यांदा मला जे दिसलं ते मी सगळ्यांना लोणार म्हणून सांगितलं, पण ते बहुधा एखादं धरण असावं. असो.

तर काकांचा प्रश्न हा नव्हताच. ना त्यांना सूर्यास्त हवा होता ना पाय पसरायला जागा. त्यांना सुखरूप उतरायचं होतं, आणि ते त्यांना सरळ म्हणता येत नव्हतं, म्हणून ते अकरा ए म्हणत होते. हे मला शनिवारी दुपारी कळलं. थोडं उशिरा, पण कळलं.

मग मी त्या दिशेने वाचायला लागलो. २००७ साली पॉप्युलर मेकॅनिक्स या अमेरिकन मासिकाने १९७१ नंतरचे २० अपघात तपासले आणि मागच्या भागात बसणारे ६९ टक्के वाचतात, सगळ्यात पुढचे ४९ टक्के, असं काढलं. हे आकडे अजून फॉरवर्ड होत असतात. पण वीस अपघात म्हणजे काय नमुना झाला? आणि प्रत्येक विमान वेगळं आपटतं. मला पटलं ते दुसरं काम. लंडनच्या ग्रीनिच विद्यापीठातल्या एड गॅलिया यांनी शंभरावर अपघातांतून वाचलेल्यांचे अनुभव गोळा करून बघितले. त्यातून निघालं ते इतकंच की चालू दरवाजापासून साधारण पाच रांगांच्या आत बसलेले जास्त वाचतात, त्यापुढे शक्यता घटत जाते. खिडकीपेक्षा रस्त्याकडेची सीट किंचित बरी. मुख्य मुद्दा दरवाजा जवळ की लांब, हाच.

कारण काही वेळा माणूस आपटण्यातून वाचतो आणि धुराने मरतो. २२ ऑगस्ट १९८५ला इंग्लंडमध्ये मँचेस्टरला एक बोइंग ७३७ धावपट्टीवर असतानाच इंजिनाला आग लागली. विमान हवेत गेलंच नाही, जमिनीवर उभं राहिलं. तरी ५५ माणसं गेली, बहुतेक धुराने. पंखावरचा दरवाजा शेजारी बसलेल्या प्रवाशाला पटकन उघडता आला नाही आणि तिथे जायची वाट अरुंद होती. त्यानंतर ब्रिटनने या दरवाजाजवळच्या खुर्च्यांमधलं अंतर वाढवायचे नियम केले, पुढे इतरांनीही त्याचा विचार केला.

हे वाचून मी जरा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो. कारण ती 'एक्स्ट्रा लेगरूम' वाली सीट मी किती वेळा घेतली आहे! जादा पैसे देऊन. एअर होस्टेस येते, सांगते की गरज पडली तर हे असं ओढायचं, बाहेर फेकायचं, तुम्ही मदत कराल ना? मी एका कानातला इयरफोन काढून "येस येस" म्हणतो आणि परत घालतो. आता बघितलं तर ए३२०चा तो दरवाजा साधारण पंधरा किलोचा आहे, उचलून काढावा लागतो. ती मोकळी जागा माझ्या पायांसाठी नाहीच, ती मागच्या पन्नास माणसांसाठी ठेवलेली वाट आहे. आणि तिच्या तोंडाशी मी घोरत असतो.

माझं मत विचाराल तर ती सीट पैशाने विकूच नये. धडधाकट, जागा, सांगितलेलं समजणारा माणूस बघून द्यावी, फुकट. पण तसं होणार नाही, धंदा आहे. निदान घेणाऱ्याने ती पाच मिनिटं तरी ऐकावं.

काकांचा गुडघा गेल्या वर्षी बदललाय, त्यामुळे ती रांग त्यांना मिळालीच नसती, आणि मिळूही नये. मी नववी रांग घेतली. काकूला ए, काकांना बी. जादा पैसे भरले, कारण आपोआप दिलेल्या सीट एक पुढे एक मागे आल्या होत्या आणि पहिल्यांदा विमानात बसलेल्या काकूला एकटं बसवणं म्हणजे तिच्यावर आणि शेजारच्यावर दोघांवर अन्याय. (बारा वर्षांखालच्या मुलाला निदान एका पालकाजवळ बसवा असं डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. काकूंसाठी तेव्हा नियम नव्हता.) एकाच बाबतीत मी पैसे भरा म्हणेन, आपलं माणूस शेजारी हवं असेल तर. बाकी तासा-दोन तासांच्या विमानात मिळेल तिथे बसावं.

आणि काकांना सांगितलं, "बसल्यावर एक करा. तुमच्यापासून मागच्या दरवाजापर्यंत खुर्च्यांच्या पाठी मोजा. पुढच्यापर्यंतही मोजा. धुरात दिसत नाही, हाताने मोजत जावं लागतं."

"एवढंच?"

"एवढंच. आणि बॅग घ्यायची नाही."

२ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना दुसऱ्या विमानावर आदळून पेटलं. अख्खं विमान जळून गेलं, पण आतले ३७९ जण बाहेर आले, सगळे. (दुसऱ्या, तटरक्षक दलाच्या छोट्या विमानातले सहापैकी पाच गेले, ते विसरू नये.) बाहेर पडणाऱ्यांच्या हातात बॅगा जवळपास नव्हत्याच. विमान बनवणाऱ्याला आधी सिद्ध करावं लागतं की अर्धे दरवाजे बंद धरून, अंधारात, भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं. म्हणजे तुम्ही कोणत्याही सीटवर बसा, कोणीतरी तुमचा हिशोब आधीच केलेला असतो. हे मी काकांना समजावून सांगितलं आणि त्यांना बरं वाटलं.

मलाच बरं वाटेना.

कारण काका विमानात बसणार आयुष्यात एकदा-दोनदा. पुण्याला माझ्याकडे येतात ते वर्षातून तीनदा, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. मीही इंजिनिअरिंगपासून आतापर्यंत किती रात्री त्या स्लीपर बसमध्ये काढल्या असतील याची मोजदाद नाही. आणि तिथे सीट कशी निवडायची याचं माझं शास्त्र पक्कं होतं. चाकावरची नको. एसीचं पाणी गळतं ती नको. चार्जिंग पॉइंट चालू असलेली. खालची मिळाली तर ठीक, नाहीतर वरची सिंगल, कारण वर कोणी उठवत नाही. दरवाजा कुठे आहे हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

१ जुलै २०२३, पहाटे दीडच्या सुमारास, नागपूरहून पुण्याला निघालेली एक बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ उलटली. आमच्या घरापासून तास-सव्वा तासावर. बस डाव्या अंगावर पडली, म्हणजे दरवाजाची बाजू खाली गेली. पेटली. आत ३३ जण होते, २५ जळून गेले. वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर पडले. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ला यवतमाळहून मुंबईला निघालेली बस नाशिकमध्ये पेटली होती, १२ गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये हैदराबाद-बंगळूर बस कर्नूलजवळ जळाली. प्रत्येक वेळी तेच, रात्र, झोपलेली माणसं, एकच दार.

काका पिंपळखुट्याला दुसऱ्या दिवशी जाऊन आले होते. त्यांना सगळं माहीत होतं. तरी बसमध्ये त्यांनी कधी अकरा ए मागितली नाही. मीही नाही. २०२३च्या दिवाळीला मी परत वरच्या सिंगल स्लीपरवरच होतो, पडदा ओढून, फोन चार्जिंगला लावून.

याचं कारण मला वाटतं असं की विमान आपल्याला घाबरवतं आणि बस घरची वाटते. विमानात कोणीतरी उभं राहून हातवारे करून दरवाजे दाखवतं, आपण हसतो. बसमध्ये कोणी काही दाखवत नाही, त्यामुळे दाखवायचं काही असतं हेच डोक्यात येत नाही. आपल्या लाल एसटीत निदान 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं रंगवलेलं असायचं. लहानपणी मी ते प्रत्येक प्रवासात वाचायचो. स्लीपरच्या पडद्यांत ते वाक्यही हरवलं.

आणि जे माझ्या धंद्यातलं आहे ते बोलतो. मी वापरतो त्या बुकिंगच्या अ‍ॅपमध्ये खिडकी दिसते, बायकांसाठीची सीट गुलाबी दिसते, वरची-खालची दिसते, पाणी मिळेल की नाही, चादर मिळेल की नाही, तेही दिसतं. आपत्कालीन दरवाजा कुठे आहे ते मला तिथे कधी दिसलं नाही. किती काम आहे हे? डेटाबेसमध्ये एक रकाना आणि नकाशावर एक हिरवा चौकोन. दोन दिवसांचं काम, टेस्टिंग धरून तीन. सक्तीचं करा म्हणजे ट्रॅव्हल्सवाल्यांना तो दरवाजा कुठेतरी ठेवावाही लागेल. विमानात सीट नंबरवरून पैसे काढणारे सीट मॅप आपण इतके सुंदर बनवतो, मग हे का नाही, याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते मला आवडत नाही.

तोवर मी स्वतः बदललो ते एवढंच. खालचा बर्थ घेतो, शक्यतो दार आणि मागच्या आपत्कालीन खिडकीच्या मधला. बसल्याबरोबर ती खिडकी आणि काच फोडायची हातोडी शोधतो. बूट पायाशी, फोन खिशात, चार्जिंगला नाही. क्लीनर लोक मला वेडा समजतात. समजोत.

काका-काकू दिल्लीला जाऊन आले. काकूने सूर्यास्ताचे एकोणीस फोटो पाठवले, सगळ्यांत पंख. काकांनी फक्त एक मेसेज टाकला, "पंखाचा दरवाजा तीन पाठी मागं. मोजल्या."

मग एप्रिलमध्ये ते पुण्याला यायला निघाले. रात्री सव्वानऊला, बस चिखली सोडतानाच फोन.

"अरे, हातोडी नाही म्हणते हा पोरगा. व्हती म्हणे, कोणीतरी नेली."

"आणि मागची खिडकी?"

"तिच्यापुढं पोती रचली आहेत. थांब, काढायला लावतो."

फोन चालूच होता. मास्तरांचा आवाज, शाळेतला. क्लीनर पोरगा काहीतरी कुरकुरला. तीन पोती सरकल्याचं ऐकू आलं. मग शांतता.

"काय झालं काका?"

"चौथं ऱ्हाऊ दे म्हणतो. ते आपलंच आहे. गहू. तुझ्या आईनं सांगितला होता ना, पन्नास किलो."